पाळीव कासवाचे भित्रेपण : प्राणिवर्तनाच्या दृष्टीने एक विवेचन

मराठी माणसास कासवाची पहिली ओळख बहुधा देवळात होते. सभामंडपात, देवाच्या समोर, फरशीत बसविलेले दगडी कासव त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. पुढे भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत, ते त्यास पुन्हा भेटते. तेथे कासवाचे अवयव आवरून घेणे हे इंद्रियनिग्रहाचे प्रतीक झाले आहे. दोन्ही ठिकाणी कासव म्हणजे स्थैर्य आणि स्वस्थता. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र हीच क्रिया निराळी दिसते. अवयव आवरून घेणारे कासव स्वस्थ नसते. ते सावध झालेले असते, आणि त्या सावधपणाची किंमत ते मोजीत असते.

अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांत काचेच्या टाकीत कासव दिसू लागले आहे. ते पाळणाऱ्यांची एक तक्रार प्राणिशास्त्राच्या अध्यापकाच्या कानी वारंवार येते. "आमचे कासव फार भित्रे आहे, जवळ गेले की डोके आत घेते, उचलले की फुसकारते, समोर उभे राहिले तर खात नाही." या तक्रारीच्या जोडीला कित्येकदा दुसरे एक विधान येते, आणि ते अभिमानाने केलेले असते. "पूर्वी फार धडपड करीत असे, आता हातावर अगदी शांत बसते." प्रस्तुत लेखात या दोन्ही विधानांची छाननी करावयाची आहे. पहिल्या विधानात ज्यास स्वभावदोष समजले जाते तो बहुतांशी परिस्थितीचा परिणाम असतो, आणि दुसऱ्या विधानातील शांतता ही पुष्कळदा शांतता नसते, असे माझे मत आहे. हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कासव 'माणसाळत नाही' म्हणून कंटाळलेला मालक ते एखाद्या तळ्यात नेऊन सोडतो, आणि तेथून त्याचे दुष्परिणाम घराबाहेर पडतात.

प्रथम हे कासव कोणते ते निश्चित केले पाहिजे. मराठीत जमिनीवरील, गोड्या पाण्यातील आणि समुद्रातील अशा सर्व प्रकारांस 'कासव' हा एकच शब्द आहे. सोयीचा असला तरी पाळणाऱ्याची तो दिशाभूल करतो, कारण या तिन्हींचे वर्तन सारखे नाही. आपल्याकडील मूळ जातींपैकी तारा कासव व पाणथळीतील मऊ पाठीचे कासव यांसारख्या जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घरी ठेवता येत नाहीत. त्या ठेवणे हा गुन्हा आहे. बाजारात पाळण्यासाठी सर्रास मिळते ते रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स. त्याचे मूळ ठिकाण उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. विकत आणताना ते बंद्या रुपयाएवढे असते. मादी वाढून पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही मोठी होते, आणि नीट निगा राखल्यास वीस-तीस वर्षे जगते. विक्रेता ही गोष्ट सांगत नाही. घरात कासव असणे शुभ, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

'स्लायडर' या नावातच या प्राण्याच्या वर्तनाची किल्ली आहे. ही कासवे नदीच्या वा तळ्याच्या काठी, पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर थव्याने ऊन खात बसतात आणि जरा चाहूल लागली की घसरून पाण्यात पडतात. एक घसरले की त्याच्या पाठोपाठ सगळे घसरतात. त्यांचा ओंडका नेहमी खोल पाण्याला लागून असतो. म्हणजे धोक्यास या जातीचे पहिले उत्तर आहे पलायन, आणि तेही पाण्यात. कवचात डोके घेणे हे दुसरे उत्तर; पहिले शक्य नसेल तेव्हाचे. कवच ठळकपणे दिसते म्हणून आपण त्यालाच कासवाचा मुख्य आश्रय समजतो. स्लायडरचा मुख्य आश्रय पाणी हा आहे.

आता घरातील टाकीकडे पाहावे. प्लॅस्टिकची उथळ परात, मध्ये एक उंचवटा, त्यावर प्लॅस्टिकचेच ताडाचे झाड, आणि तळाशी चार बोटे पाणी. ही परात दिवाणखान्यात, टीपॉयवर, चारी बाजूंनी उघडी. या ठिकाणी सुटून जावे असे पाणी नाही, आड व्हावे अशी जागा नाही. पहिले उत्तर पाळणाऱ्याने आधीच हिरावून घेतलेले असते, आणि मग प्राणी दुसरे उत्तर वारंवार देतो म्हणून त्यास भित्रा म्हटले जाते. पळण्याची वाट बंद झालेल्या प्राण्याचा हा नाइलाज आहे. त्यावरून त्याच्या स्वभावाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही.

कवचात शिरणे ही क्रिया वाटते तितकी स्वस्त नाही. कासवाचा पाठीचा कणा व बरगड्या पृष्ठकवचाशी एकजीव झालेल्या असतात. मानेत आठ मणके असून, स्लायडर ज्या गटात मोडते त्या गटातील कासवे मान उभ्या पातळीत इंग्रजी 'एस' या अक्षराप्रमाणे दुमडून डोके सरळ मागे ओढतात. (दुसऱ्या गटातील कासवे मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली घेतात.) छाती फुगविता येत नसल्यामुळे श्वसन अंतर्गत स्नायूंच्या साहाय्याने आणि पायांच्या हालचालींच्या मदतीने चालते, फुप्फुसे पृष्ठकवचाच्या खालीच असतात. म्हणून डोके व चारही पाय एकदम आत घेतले की त्यांना जागा व्हावी यासाठी फुप्फुसांतील हवा बाहेर पडावी लागते. तीच हवा पडताना 'फुस्स' असा आवाज होतो. पाळणाऱ्यास तो संतापाचा फूत्कार वाटतो. वस्तुतः तो नागाच्या फूत्कारासारखा इशारा नसून भात्यातून निघालेला वारा आहे. अर्थात् ज्या कारणाने डोके आत गेले ते कारण खरेच असते, तेव्हा आवाज ऐकूनही हात पुढे नेणे योग्य नाही. फक्त 'चिडके आहे' हा निष्कर्ष चुकीचा.

येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करण्याजोगी आहे. मान आत घेण्याची ही युक्ती संरक्षणासाठीच उत्पन्न झाली असे आपण गृहीत धरतो. परंतु उत्तर ज्युरासिक काळातील प्लॅटिकेलिस या जीवाश्म कासवाच्या मणक्यांचा अभ्यास करून आँकेतें व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असा विचार मांडला की, मान आत दुमडणे हे आरंभी डोके वेगाने पुढे फेकून भक्ष्य पकडण्यासाठी उपयोगी पडले असावे. संरक्षणाचा लाभ मागाहून मिळाला असावा. हे मत ग्राह्य धरले तर ज्या हालचालीस आपण भयाचे मूर्तिमंत रूप समजतो तिचा उगम शिकारीत आहे असे म्हणावे लागेल. वर्तनाचा आजचा उपयोग आणि त्याचा उगम या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात, हा धडा विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा.

मुद्दा किंमतीचा होता. डोके आत घेतलेल्या कासवास नीट दिसत नाही, श्वास मोकळा घेता येत नाही, खाता येत नाही, आणि शत्रू मजबूत जबड्याचा असेल तर कवचही पुरेसे होत नाही. तेव्हा केव्हा बाहेर यावे हा त्याच्यापुढे खरोखरचा प्रश्न असतो. मार्टिन, मार्कोस व लोपेझ या स्पॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉरेमिस लेप्रोसा या गोड्या पाण्यातील कासवाबाबत नेमका हाच प्रश्न तपासला. कासव किती वेळाने डोके बाहेर काढते व त्यानंतर किती वेळाने चालू लागते, हे दोन काळ त्यांनी वेगवेगळे मोजले. आणि हे काळ ठरीव नसून धोक्याच्या मानाने बदलतात, असे दिसून आले. म्हणजे कवचात राहण्याचा काळ ही प्राण्याने केलेली एक प्रकारची आकारणी आहे. तीत डोक्यावरील सावली, मागील अनुभव, पाण्याचे अंतर हे सर्व धरले जाते. 'आकारणी' या शब्दाने जाणीवपूर्वक विचार सूचित करण्याचा हेतू नाही. परंतु 'यांत्रिक प्रतिक्षेप' म्हणून ही गोष्ट निकालात काढता येणार नाही, एवढे निश्चित.

ही आकारणी ज्या इंद्रियांच्या आधारे होते ती पाळणाऱ्याने समजून घेतली तर त्याच्या बऱ्याच अडचणी आपोआप दूर होतील. स्लायडरची दृष्टी चांगली आहे. त्याच्या दृष्टिपटलातील शंकुपेशींत रंगीत तैलबिंदू असतात, आणि आपणांस न दिसणारे जंबुपार किरणही त्यास काही प्रमाणात दिसतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याचे दृष्टिक्षेत्र विस्तृत असते. हेस व सैफ यांनी १९६७ मध्ये कासवांच्या दृश्य भयप्रतिक्रियेवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पडद्यावरील गडद सावली वेगाने मोठी होत गेली, म्हणजे एखादी वस्तू अंगावर येत असल्याचा भास झाला, की कासव डोके आत घेते, असे त्यांत आढळले. वस्तू कोणती आहे हे गौण. ती वरून वा समोरून झपाट्याने 'वाढते' आहे, हे मुख्य. आता टाकीत वरून हात घालण्याची आपली रीत या दृष्टीने पाहा. बंद्या रुपयाएवढ्या पिल्लास वरून झडप घालणारा बगळा आणि प्रेमाने पुढे झालेला पंजा यांत भेद करण्यास जी सवड हवी ती आपण देत नाही. हात पाण्याच्या पातळीजवळून, बाजूने, त्याला दिसेल अशा रीतीने आणि सावकाश आणावा. एवढ्या एका बदलाने कित्येक 'भित्री' कासवे डोके आत न घेता नुसती पाहत राहतात.

कासव बहिरे असते, हा समज सर्वत्र आहे. त्यास बाह्यकर्ण नसतो हे खरे. परंतु डोळ्यामागे त्वचेखाली कर्णपटल असते, आणि कमी कंप्रतेचे ध्वनी, साधारणतः काही शे हर्ट्झपर्यंतचे, त्यास ऐकू येतात. डॅनिश संशोधक क्रिस्टेनसेन-डाल्सगार्ड व सहकारी यांनी २०१२ मध्ये स्लायडरवरच केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, त्याच्या मध्यकर्णातील हवेच्या पोकळीमुळे हा कान हवेपेक्षा पाण्याखाली अधिक कार्यक्षम ठरतो. आपण त्याच्याशी बोलतो ते त्यास फारसे पोहोचत नसेल. पण दाराचा धाडकन् आवाज, कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर, टीपॉयवर ठेवलेल्या भांड्याचा दणका, हे सर्व काचेतून व पाण्यातून त्याच्यापर्यंत येते. ज्या मालकास कासव 'उगाचच दचकते' असे वाटते त्याने टाकी कशावर ठेवली आहे ते आधी पाहावे.

तिसरी गोष्ट कवचाची. कवच म्हणजे नखासारखे निर्जीव आवरण, अशी समजूत असल्यामुळे मुले त्यावर टिचक्या मारतात, काही जण रंग लावतात. केराटिनच्या पातळ थराखाली कवच हे जिवंत हाड असून त्यास रक्तवाहिन्या व मज्जातंतू आहेत. पॉल स्टाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच जातीवर केलेले मज्जाविज्ञानातील प्रयोग प्रसिद्ध आहेत. कवचावरील ठराविक जागी हलका स्पर्श केला असता मागचा पाय नेमका त्या जागेकडे नेऊन खाजविण्याची क्रिया घडते, आणि ती केवळ मेरुरज्जूच्या पातळीवर घडू शकते, असे त्यांनी दाखविले. प्राण्यास पाठीवरील स्पर्शाचे इतके सूक्ष्म स्थलज्ञान आहे, मग टिचकी त्यास कशी लागत असेल हे निराळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे 'हातावर शांत बसते' याकडे वळू. मिशेल काबानाक व बेर्निएरी यांनी २००० मध्ये कॅनडात वुड टर्टल या जातीवर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी कासवांस इजा न करता केवळ हाताळले. हाताळण्याने हृदयाचे ठोके वाढले. इतकेच नव्हे तर त्यानंतर कासवांनी अधिक उबदार जागा निवडून शरीराचे तापमान वाढवून घेतले. सस्तन प्राण्यांत क्षोभामुळे अंग तापते, त्याचीच ही बाह्यतापी प्राण्यातील आवृत्ती होय. ज्याला आतून ऊब निर्माण करता येत नाही तो ती बाहेरून मिळवितो. आपल्या विषयाशी याचा संबंध उघड आहे. कासवास ओरडता येत नाही, चेहऱ्याचे स्नायू इतके थोडे की मुद्रा बदलत नाही, अंगावर केस नाहीत की ते उभे राहावेत. जो क्षोभ मांजरात लगेच दिसला असता तो येथे छातीच्या आत राहतो. म्हणून हातावरील निश्चल कासव पाहून मालकाने समाधान मानू नये. निश्चलता सरावाची असू शकते, थंडीची असू शकते, थकव्याची असू शकते आणि भयाचीही असू शकते. यांतील भेद वर्तनाच्या इतर अंगांवरून करावा लागतो. हातावर मान पूर्ण लांब काढून, डोळे उघडे ठेवून, पाय टेकून इकडेतिकडे पाहणारे कासव वेगळे; आणि मान अर्धी आत, पाय कवचाशी घट्ट, डोळे मिटलेले असे वेगळे. दुसऱ्यास शांत म्हणू नये. हाताळताना मूत्र सोडणे हे तर क्षोभाचे स्पष्ट लक्षण आहे.

थंडीचा उल्लेख वर आला, त्याचा थोडा विस्तार करणे अवश्य आहे. या ठिकाणी होणारी चूक प्राणघातक ठरते. स्लायडरची चयापचयक्रिया पाण्याच्या व उन्हाच्या तापमानावर चालते. पाणी सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि ऊन खाण्याची जागा ३० अंशांच्या किंचित वर, अशी व्यवस्था असावी लागते. पुणे-नाशिककडील हिवाळ्यात रात्री पारा बराच उतरतो. टाकीतील पाणी त्याबरोबर गार होते. मग कासव खात नाही, हलत नाही, कोपऱ्यात डोके आत घेऊन बसते. मालकास वाटते, बुजले आहे. कोणी सांगतो, शीतनिद्रा घेत आहे. ते धड जागे नसते आणि धड शीतनिद्रेतही नसते. पोटातील अन्न पचत नाही आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. नाकातोंडाशी बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका अंगावर कलून तरंगणे ही फुप्फुसदाहाची लक्षणे होत. पापण्या सुजून डोळे मिटले असतील तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा संशय घ्यावा. कवच बोटाने दबत असेल तर कॅल्शियम व जंबुपार किरण यांच्या कमतरतेचा. अशा प्राण्यास धीट करण्याचे प्रयोग करीत बसणे निष्ठुरपणाचे आहे. वर्तनाचे निदान करण्यापूर्वी प्रकृतीचे निदान झाले पाहिजे, आणि ते सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून.

प्रकृती ठीक आहे असे धरून चालू. मग उपाय काय? पहिला उपाय हाताचा नव्हे, घराचा आहे. पाणी इतके खोल असावे की कासवास त्यात पूर्ण बुडी मारून पोहता येईल. कवचाच्या लांबीच्या निदान दुप्पट खोली असावी, असे सामान्यतः सांगितले जाते. ऊन खाण्याचा फळीवजा उंचवटा पाण्यास लागून, उतरता असावा, म्हणजे तेथून एका घसरणीत पाण्यात जाता येईल. टाकीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात. पाण्यात आडोसा असावा. पाळणाऱ्यास भीती वाटते की इतकी लपण्याची सोय केली तर कासव दिसणारच नाही. अनुभव उलट येतो. पळून जाण्याची वाट जवळ आहे अशी खात्री असलेले कासव अधिक वेळ उघड्यावर बसते. आरंभीचे काही दिवस ते प्रत्येक चाहुलीस पाण्यात उडी घेईल. त्या उडीने निराश होऊ नये. प्राण्यास त्याचे पहिले उत्तर परत मिळाल्याची ती खूण आहे.

त्यानंतरचा भाग अभ्यस्ततेचा. एकच निरुपद्रवी उद्दीपन पुन्हा पुन्हा मिळाले की त्यास दिली जाणारी प्रतिक्रिया ओसरत जाते, हा प्राणिवर्तनातील सर्वपरिचित नियम कासवासही लागू आहे. परंतु याचा उपयोग करताना दोन चुका होतात. एक, उद्दीपन फार तीव्र ठेवले जाते. रोज दहा वेळा उचलून 'सवय लावणे' ही पद्धत त्यातलीच. उद्दीपन तीव्र असेल तर प्रतिक्रिया ओसरण्याऐवजी वाढते. कासव हाताला सरावत नाही, हात दिसताच दडते. दोन, अभ्यस्तता विशिष्ट असते हे विसरले जाते. एका माणसाच्या सावकाश येणाऱ्या हातास सरावलेले कासव पाहुण्याच्या हातास सरावलेले नसते. म्हणून आरंभ केवळ उपस्थितीपासून करावा. टाकीपासून काही अंतरावर रोज ठराविक वेळी बसावे, काही करू नये. कासव ऊन खाण्याच्या जागेवरून हलेनासे झाले की दुसऱ्या आठवड्यात अंतर थोडे कमी करावे. नंतर त्याच वेळी, त्याच जागी, चिमट्याने अन्न द्यावे. अशा रीतीने व्यक्ती व अन्न यांचे अभिसंधान होते आणि थोड्याच काळात कासव काचेशी येऊन पाय मारू लागते. मालक यास प्रेम म्हणतात. तसे म्हणण्याने कोणाचे बिघडत नाही, पण विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकेत लिहू नये.

कासवाची शिकण्याची पात्रता पुष्कळांना कमी वाटते. रॉबर्ट यर्किस यांनी १९०१ मध्येच एका लहान कासवास वाटचक्रातून घरट्याकडे जाण्यास शिकविले होते, आणि त्यास लागणारा वेळ खेपेगणिक घटत गेल्याची नोंद केली होती. अलीकडे २०२० मध्ये गुटनिक, वाइसेनबाखर व कुबा यांनी महाकाय भूकासवांवरील जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातील कासवांनी शिकलेली कृती नऊ वर्षांनंतरही लक्षात ठेवल्याचे आढळले. ज्या प्राणिवर्गाची स्मृती इतकी टिकाऊ आहे त्याच्या बाबतीत पहिल्या महिन्यातील रांगडी हाताळणी 'विसरून जाईल' असे गृहीत धरणे धोक्याचे.

प्रत्यक्ष हाताळणे जितके कमी तितके बरे, हे वरील विवेचनावरून ओघानेच येते. टाकीची स्वच्छता, वजन घेणे, कवच व डोळे तपासणे, पशुवैद्याकडे नेणे, एवढ्या कारणांपुरते ते असावे. दोन्ही हातांनी, कवचाच्या दोन्ही कडांस, पुढच्या व मागच्या पायांच्या मधोमध धरावे. अंगठे वर, बोटे उदरकवचाखाली. अगदी लहान पिल्लू असेल तर खाली तळहात द्यावा. हवेत लोंबणारे पाय धडपडतात. पायांखाली काही टेकले की धडपड बहुधा कमी होते. शेपटीस धरून उचलू नये, कारण तीत पाठीच्या कण्याचा शेवटचा भाग असतो. उलटे धरून ठेवू नये. चावल्यास ओढाताण न करता हात कासवासकट पाण्याच्या पातळीवर न्यावा. पाणी जवळ दिसले की ते आपणहून सोडते.

टेबलावर ठेवलेल्या कासवाविषयी स्वतंत्र इशारा द्यावासा वाटतो, आणि त्यामागे पुन्हा यर्किसच आहेत. १९०४ मध्ये त्यांनी निरनिराळ्या जातींची कासवे उंच फळीवर ठेवून ती काठावरून खाली उतरण्यास किती कचरतात हे पाहिले. जमिनीवर राहणारी कासवे काठाशी थबकत. पाण्यात राहणारी फारशी थबकत नसत. कारण उघड आहे. ज्याच्या पूर्वजांच्या ओंडक्याखाली नेहमी पाणीच होते त्यास काठ म्हणजे सुटका. टेबलाखाली फरशी आहे हे त्यास ठाऊक नसते. घाबरलेले स्लायडर टेबलावर मोकळे सोडले तर ते काठाकडेच धावेल, आणि कवचास तडा जाईल. कासवास हाताळायचे ते जमिनीवर बसून.

हाताळल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत लहान मुलांस होणाऱ्या या संसर्गामुळे चार इंचांहून कमी लांबीच्या कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली. आपल्याकडे मात्र विकली जातात ती नेमकी त्याच आकाराची, आणि घेतली जातात ती मुलांसाठीच.

सोडून देण्याविषयी आरंभी म्हटले होते. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत स्लायडरचा समावेश झालेला आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. जपानने जून २०२३ पासून त्याची विक्री व ते मोकळे सोडणे निषिद्ध केले. केरळमधील उघड्या जलाशयांत ते आढळल्याच्या नोंदी २०१८ पासून झाल्या आहेत. ऊन खाण्याच्या जागा व अन्न यांसाठी ते मूळच्या कासवांशी स्पर्धा करते. घरात ज्यास भित्रे म्हणून नावे ठेवली तेच कासव, खोल पाणी व ओंडका मिळताच, तेथील जातींस भारी पडते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास या विषयात काम करावयाचे असेल तर उपकरणांची फारशी गरज नाही. सेकंद दाखविणारे घड्याळ, तापमापक आणि वही पुरे. ज्यांच्या घरी स्लायडर आहेत अशा पाळणाऱ्यांच्या साहाय्याने, स्वच्छतेसाठी कासव उचलावेच लागते त्या प्रसंगी, खाली ठेवल्यापासून नाकाचे टोक कवचाबाहेर दिसेपर्यंतचा काळ आणि पहिले पाऊल टाकीपर्यंतचा काळ असे दोन आकडे आठवड्यातून एकदा नोंदवावेत. टाकीत बदल करण्यापूर्वी सहा आठवडे व नंतर सहा आठवडे. केवळ मोजण्यासाठी प्राण्यास घाबरवू नये, आणि काम प्रबंधाचा भाग होणार असेल तर संस्थेच्या प्राणी-नीती समितीची अनुमती आधी घ्यावी. पाण्याचे तापमान प्रत्येक नोंदीबरोबर लिहिण्यास विसरू नये. डिसेंबरमधील नोंद मार्चमधील नोंदीशी ताडून 'कासव धीट झाले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो धीटपणा बहुधा चार-पाच अंश सेल्सिअसचा असतो.